पंधरा दिवस आधी, लेखी

रजेवर गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन तो रजा नीट घेतोय की नाही हे बघून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कुणाला पकडायला तो जायचा नाही. खोटं कारण सांगून कुणी रजा घेतली तर त्याच्या लेखी त्यात काही गैर नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की घेतलेली रजा वाया जाता कामा नये.

त्यांना आम्ही मामा म्हणायचो. वयाने मोठ्या कामगाराला मामा म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे, त्यामुळे आमच्या दूध प्रकल्पात मामा पंधरा-वीस होते. पण नुसतं ‘मामा’ म्हटलं की ते बॉयलरवरचे. दोन्ही कानांवर दोन वस्तू खोचलेल्या: उजव्या कानावर पेन्सिल, डाव्यावर पेन. शर्टाच्या खिशात दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक. ते पुस्तक म्हणजे युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातला करार. घामाने भिजू नये म्हणून पिशवी.

प्रकल्प हमरस्त्याला लागून आहे, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मधोमध. सकाळ-संध्याकाळ दूध येतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. म्हणून करारात लिहिलं होतं, की दर मार्चमध्ये युनियन आणि व्यवस्थापन यांनी एकत्र बसून प्रत्येक कामगाराची वर्षभराची रजा आधीच ठरवायची. कुठल्या विभागातून एका वेळी किती माणसं रजेवर असतील तेही ठरलेलं. युनियनच्या बाजूने हे काम मामांकडे होतं. पहिला करार झाला तेव्हापासून.

मी कार्मिक अधिकारी म्हणून नवीन लागले, सांगलीच्या विश्रामबागेतून रोज एसटीने यायचे. पहिल्या मार्चमध्ये मी कॉम्प्युटरवर छान रंगीत तक्ता करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडलं आणि तिथेच थांबले. साहेब फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून केलेला, केबिनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचणारा कागद. त्याच्या दुसऱ्या टोकाला मामा, पालथे पडून, पेन्सिलीने काहीतरी खोडत होते.

“बसा मॅडम,” मान वर न करता ते म्हणाले. “खुर्चीवरनं रजा दिसत न्हाई.”

मी बसले. साडी सावरत, गुडघे दुमडून. पुढचे तीन दिवस मी त्या फरशीवर होते, आणि माझा रंगीत तक्ता मी पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

कारण मामांना जे ठाऊक होतं ते माझ्या कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. कुणाच्या गावची यात्रा कुठल्या तिथीला, म्हणजे यंदा कुठल्या तारखेला. कुणाच्या उसाला तोडणीची टोळी कधी येणार. कुणाचा भाऊ फौजेतून कधी घरी येतो, म्हणजे भावाला भेटायचं तर ह्याची रजा तेव्हाच पाहिजे. एप्रिल-मे तर नुसत्या यात्रांनी भरलेले. एकाच गावचे दोघं, एकाच विभागात, आणि जागा एकालाच. मी म्हटलं, सेवाज्येष्ठता बघू या. मामा म्हणाले, “बगू की. पर आदी इचारू तरी.” आणि दोघांना बोलावून घेतलं.

“पालखीला खांदा कुणाचा असतोय रं?”

एक म्हणाला, आमच्या घराचा.

“आन तुला?”

दुसरा म्हणाला, “मला मैदान बगायचंय मामा. कुस्त्या.”

“मग भांडताय कशाला? पालखी सोमवारी, मैदान मंगळवारी. तू सोमवारी घ्ये, तू मंगळवारी.”

चौदा एप्रिलचंही तसंच. त्या दिवशी सुट्टी असली तरी दूध येतंच. ज्यांची यात्रा आहे त्यांनी चौदा एप्रिलला कामावर यायचं, आणि ज्यांची जयंती आहे त्यांनी यात्रेला ह्यांची पाळी करायची, हे मामांनी बसवून दिलं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं.

‘सुट्टी’ हा शब्द मात्र त्यांना खपत नसे. “सुट्टी शाळंतल्या पोरांस्नी. कामगाराला रजा.” आणि रजा मागायची नसते, सांगायची असते. नवीन कामगार हात जोडून “मामा, तेवढी रजा द्या की” म्हणत आला, तर त्याला ते परत पाठवत. “भाईर जा. परत ये. आन नीट सांग, मला ह्या तारखंपासून ह्या तारखंपातूर रजा हाय.” पोरगं बिचारं बाहेर जाऊन, घसा साफ करून, परत येऊन तसं म्हणायचं.

एकतीस मार्चला मामा पेन्सिल ठेवायचे आणि डाव्या कानावरचं पेन काढायचे. शाई चढली की तक्ता पक्का. मग तो कॅन्टीनच्या भिंतीवर लागायचा. त्यानंतर बदल करायचा असेल तर करारातलं एकच कलम: पंधरा दिवस आधी, लेखी. चौदा दिवस चालत नाहीत. तातडीची रजा फक्त दोन गोष्टींना, आजारपण आणि मयत. लग्न त्यात बसत नाही, आणि ते बसू नये म्हणून बैठकीत भांडले होते ते मामाच. “लगीन काय एका राती ठरतंय व्हय?” असं म्हणाले होते म्हणे. नाहीतर मे महिन्यात तातडीच्या लग्नांनी प्रकल्प बंद पडला असता.

रविवारी त्यांची स्वतःची साप्ताहिक सुट्टी असली की मामा मोटरसायकल काढून निघायचे. रजेवरची माणसं बघायला. एकदा मीही एका कामावरून येताना त्यांच्याबरोबर अडकले आणि गेले. पॅकिंगमधला एक माणूस चार दिवस रजेवर होता. आम्ही गेलो तर तो भाड्याच्या टेम्पोवर चढून विटा भरत होता. मामांना बघून त्याने उडी मारली.

“काय चाललंय?”

“काय न्हाई मामा, जरा मोकळाच हुतो म्हणून…”

“मोकळा हुतास तर मोकळा ऱ्हा की. ही रजा मिळवायला आमी एकेचाळीस दिवस फाटकाभाईर बसलूय. ती काय विटा उचलाय?” त्याला टेम्पोवरून उतरवून घरी नेलं, त्याच्या बायकोला चहा करायला लावला, आणि तो खाटेवर आडवा होईपर्यंत मामा तिथून हलले नाहीत. पुढच्या घरी गेलो तर तिथला माणूस दुपारी घोरत पडलेला. मामांनी त्याला उठवूही दिलं नाही. “झोपलाय न्हवं? ब्येस झालं,” म्हणाले आणि समाधानाने गाडीला किक मारली.

असे हे मामा. मला ते आवडायचे, आणि त्यांची थोडी भीतीही वाटायची. पण त्यांनी मला खरा पहिला धक्का दिला तो त्यांच्या मुलीच्या लग्नात.

मामांचं घर आटपाडीकडे. बायको आणि मुलगी तिकडे, मामा इथे खोली करून राहायचे. मुलगी एकच, अश्विनी. तिचं लग्न तिकडच्याच एका जवानाशी ठरलं होतं. तारीख मात्र ठरत नव्हती, कारण नवऱ्या मुलाची रजा मंजूर होत नव्हती. आणि एक दिवस ती अचानक मंजूर झाली. वीस दिवसांची. तिकडच्यांनी लगेच मुहूर्त काढला. मामांना फोन आला त्या दिवसापासून मोजून अकरावा दिवस.

आम्हाला कुणालाच वाटलं नाही की यात काही अडचण आहे. बॉयलरवरचा शिंदे म्हणाला, मी पाळी करतो. मामा म्हणाले, अकरा दिवस हायेत. आम्ही हसलो. मग कळलं की ते चेष्टा करत नाहीयेत. मी साहेबांकडे गेले आणि ‘विशेष बाब’ म्हणून कागदावर सही घेऊन आले. सुपरवायझर तर म्हणाला, मामांना बाहेरच्या कामावर पाठवल्याचं दाखवतो, कशाला रजेचा प्रश्न? ते ऐकून मामा त्याच्या अंगावरच धावून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी बॉयलर हाऊसमध्ये गेले. “मामा, करार माणसांसाठी असतो. माणसं करारासाठी नसतात.”

“व्हय मॅडम.”

“मग?”

साहेबांच्या सहीचा कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला, घडी घातली, दुधाच्या पिशवीत ठेवला. “लय उपकार झालं तुमचं,” म्हणाले.

मला वाटलं, जाणार. सगळ्यांनाच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला मामा बॉयलरवर हजर होते. शिंदे त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गणवेश घालून दारात उभा.

“मामा, जावा की आवं. मी हाय न्हवं.”

“तू आज कामावर न्हाईस. भाईर हो.”

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. त्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी जेवत नव्हतं. आम्ही सगळे नुसते घड्याळाकडे बघत बसलो होतो. नंतर मी बॉयलरची नोंदवही पाहिली. दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लिहायची असते. बाराची नोंद होती, एकची होती. त्या दोन्हींच्या मध्ये एक जास्तीची ओळ: बारा पस्तीस. दाब नेहमीचा, पातळी नेहमीची. खाली मामांची सही.

अश्विनीने त्यानंतर वडिलांशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी मामी गेल्या तेव्हा ती आली, आईपाशी बसली, रडली, तेराव्यानंतर निघून गेली. मामांशी एक शब्द नाही. मामींनी मात्र त्या दोन वर्षांत नवऱ्याला त्या दिवसाबद्दल काहीही विचारलं नव्हतं असं मामाच एकदा म्हणाले.

मी या प्रसंगाचं काय केलं ते सांगते, कारण पुढचं जे झालं त्यात माझा हात आहे. मी तो प्रसंग सांगत सुटले. नवीन कामगार लागले की त्यांना शिस्तीबद्दल दोन शब्द सांगायचं काम माझ्याकडे असे. मी मामांचं उदाहरण द्यायचे. सख्ख्या मुलीच्या लग्नाला गेला नाही असा माणूस तुमच्या युनियनमध्ये आहे, म्हणायचे. बारा पस्तीसची ती ओळ सांगायचे. पोरं गप्प होऊन ऐकायची. मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. साहेबही तोवर बदलले होते. निरोपाचं भाषण नव्या साहेबांना मी लिहून दिलं, आणि त्यात लग्नाचा प्रसंग घातला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी आटपाडीला फोन करून अश्विनीला बोलावलं. ती आधी नको म्हणाली. मी म्हटलं, “एवढ्या माणसांत सत्कार होताना एकदा तरी बघा तुमच्या वडिलांना. कदाचित तुम्हाला कळेल, ते का आले नाहीत.” ती आली. पहिल्या रांगेत बसली. मामांना मी आधी काही सांगितलं नव्हतं. ते कॅन्टीनमध्ये आले, तिला पाहिलं, आणि स्टेजवर न जाता दारातच उभे राहिले. दोघांनी धरून त्यांना वर नेलं.

साहेबांनी भाषण छान वाचलं. बारा पस्तीसला टाळ्या पडल्या. अश्विनी खाली बघत होती. मग मामांच्या गळ्यात हार घातला आणि माईक हातात दिला.

मामांनी हार काढून खुर्चीवर ठेवला.

“भाषण ब्येस लिवलंय,” ते म्हणाले. “पर त्यात एक खोटं हाय. मॅडमचा दोष न्हाई. मीच कवा कुणाला सांगितलं न्हाई.”

मी भिंतीला टेकून उभी होते.

“पयला करार झाला त्या सालचं सांगतो. तक्ता माझ्या हातात नवा नवा आल्याला. रहिमतपूरचा कांबळे, त्यो बगा तिसऱ्या रांगंत बसलाय, त्यो माझ्याकडं आला. बहिणीचं लगीन हाय म्हणाला. तेरा दिवस हुतं. मी म्हनलं, कलमात पंधरा हाईत. त्यानं हात जोडलं. मी म्हनलं, दोन दिवस कमी, न्हाई म्हंजी न्हाई. त्यो गेला न्हाई लग्नाला. बाप नव्हता त्याला, सगळं त्येनंच करायचं हुतं. त्यो कामावर आला.”

कॅन्टीनमध्ये पंख्यांचा आवाज येत होता.

“त्याच म्हयन्यात माझा भाचा आला. त्याचं सोताचं लगीन. नऊ दिवस हुतं. मी त्याचा अर्ज घेतला, मागची तारीख घातली, आन सही केली.”

कुणीतरी “मामा, जाऊ द्या आता” म्हणालं. मामांनी हात वर केला.

कांबळे उठला. पन्नाशीचा, शांत माणूस, पाश्चरायझरवरचा. इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही.

“मामा, मला त्ये तवाच म्हाईत हुतं,” तो म्हणाला. “तुमचा भाचा लग्नाला गेला, तवा त्याच्या जागी तीन दिवस डबल पाळी कुणी केली? मीच की.”

मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडावरून ते स्पष्ट दिसलं. ज्या माणसाला प्रकल्पातल्या प्रत्येकाची पाळी पाठ, त्याला हे ठाऊक नव्हतं.

“तवा मला वाटलं, मी कांबळे म्हणून,” तो पुढे म्हणाला. “विहारात मांडव घातला हुता. बहीण निघताना म्हणाली, दादा कुठाय. आज बी इचारती कवा कवा.”

“व्हय,” मामा म्हणाले. “तू म्हणतोस तसंच आसंल. मी सोताला ह्ये कवा इचारलं न्हाई. भ्यालो. म्हनलं, हितनं पुढं कलम कुणासाठी वाकवायचं न्हाई. आन पोरीचं लगीन निघालं अकरा दिसांवर. तवा वाटलं, कांबळेला न्हाई म्हनलो, मग मी कुठल्या तोंडानं जाऊ?”

मला वाटलं आता टाळ्या पडतील. खरंच, मला तसं वाटलं. इतकी वर्षं मी तो प्रसंग टाळ्यांसाठीच सांगत आले होते.

अश्विनी उठली.

“म्हणजे यांच्या बहिणीला भाऊ मिळाला नाही,” ती म्हणाली, “म्हणून मला बाप मिळाला नाही?”

मामांनी माईक खाली ठेवला.

“चूक तुमी केली आणि शिक्षा मला? मला आणि आईला? कांबळेकाका रोज तुमच्या डोळ्यांसमोर हुते. त्यांची माफी मागायला दोन पावलं चालायची हुती. त्यापरास माझं लग्न सोडणं सोपं वाटलं तुमाला?”

चार-पाचशे माणसं बघत होती. ती वळली आणि चालत बाहेर गेली. मी तिच्या मागे जावं की न जावं या विचारात असतानाच कांबळे तिच्या मागे गेला. फाटकावरचा वॉचमन नंतर म्हणाला, कांबळेनं तिला गाडीवर बसवून एसटी स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत ते काय बोलले ते कांबळेने कुणाला सांगितलं नाही. मामा स्टेजवरच्या खुर्चीत बसले होते, हारावरच. साहेब मला हळूच म्हणाले, “आता पुढं काय करायचं असतं?” मलाही माहीत नव्हतं.

पुढचे आठ दिवस मला कामावर जायला नको वाटत होतं. मी त्यांचा प्रसंग मांडला, मीच मुलीला बोलावलं. आणि इतकी वर्षं ज्याला मी निष्ठा समजत होते त्याचं हे रूप. मामांनी मधल्या काळात कांबळेच्या बहिणीला भेटायची इच्छा सांगितली. कांबळेने तिला विचारलं. ती म्हणाली, नको. त्या माणसाचं तोंड बघून मला आता काय करायचंय. कांबळेने ते मामांना जसंच्या तसं सांगितलं. मामा “बराबर हाय” म्हणाले.

मग एक दिवस त्यांचा मला फोन आला. “मॅडम, रविवारी मोकळ्या हायसा का? आटपाडीला जायाचं हाय. मी एकटा गेलो तर ती दार उघडायची न्हाई.”

मी गाडी काढली. विटा गाव मागे पडलं तरी मामा खिडकीबाहेरच बघत होते. पुढे माळ लागला, डाळिंबाच्या बागा लागल्या, तेव्हा म्हणाले, “बसस्टँड लय बदललं विट्याचं.” मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

अश्विनीचं घर गावाबाहेर, नवीन बांधलेलं. नवरा सीमेवर, सासू शेतात गेलेली. दार तिनेच उघडलं. आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे.

“या मॅडम,” ती म्हणाली. मामांना ‘या’ म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मामा आत आले आणि भिंतीशी उभे राहिले.

तिने मला पाणी दिलं, चहा ठेवला. मग कपाट उघडून एक पेनड्राईव्ह काढला, टीव्हीला लावला, आणि पहिल्यांदा वडिलांकडे बघून बोलली.

“बसा. सगळं बघायचं. मधी उठायचं न्हाई.”

मामा बसले. लग्नाची फिल्म सुरू झाली. सोनेरी अक्षरांत दोघांची नावं, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, मागे सनई. हळद झाली. देवक झालं. नवरदेवाला ओवाळलं. कन्यादानाला मामींच्या शेजारी अश्विनीचा मामा बसलेला. आमचे मामा पुढे सरकून बघत होते, जसे ते तक्त्याकडे बघायचे.

“मांडव मोठा घातला हुता,” ते म्हणाले.

“बोलू नका.”

मंगलाष्टकं लागली. अंतरपाट धरला. माणसंच माणसं, सगळ्यांचे डोळे नवरा-नवरीकडे, हात अक्षता टाकताहेत. आणि त्या सगळ्यांत एक बाई दुसरीकडे बघत होती. मामी. जरीचं लुगडं, डोक्यावर पदर, मुलीच्या मागे उभ्या, आणि मान वळवून मांडवाच्या दाराकडे बघताहेत. कॅमेरा फिरला, परत आला. त्या अजून तिकडेच बघत होत्या. कडव्याकडव्याला हात उचलून अक्षता टाकायच्या, पण मुलीकडे न बघता.

“ही कुठं बगतीया?” मामांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

अश्विनीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. मग मामांना कळलं.

“तुमी येणार म्हणून सगळ्यांना सांगत हुती,” अश्विनी म्हणाली. “मुहूर्ताला नाही आलात, तर म्हणाली, पाळी तीनला सुटती, सहापातूर पोचतील. तुमचं ताट झाकून ठेवलं हुतं. वरात निघाली तरी तिने ते कुणाला उचलू दिलं नाही.” ती थांबली. “मला एकच सांगा. बारा पस्तीसचं राहू द्या. करार तीन वाजेपर्यंतच हुता ना? मग तीननंतर?”

मी दचकले. इतक्या वेळा मी तो प्रसंग सांगितला होता, वर्षानुवर्षं, शेकडो माणसांना. तीन वाजल्यानंतर काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ऐकणाऱ्या एकालाही पडला नव्हता.

टीव्हीवर पंगती बसल्या होत्या.

“निघालो हुतो,” मामा म्हणाले. “पाळी सुटल्या सुटल्या. नवी कापडं पिशवीत हुती. विट्यापातूर आलो. तिथं गाडी बदलायची हुती. आटपाडीची गाडी लागली, माणसं चढली, मी बाकड्यावर बसून ऱ्हायलो. म्हनलं, तुजी आई काय म्हणंल. तू काय म्हणशील. दुसरी गाडी लागली. ती बी गेली.” त्यांनी चष्मा काढला. “मग परतीच्या गाडीत बसलो. कलम-बिलम काय न्हवतं. धीर झाला न्हाई, पोरी.”

पडद्यावर जेवणं चालली होती, कुणीतरी नवरदेवाला घास भरवत होतं, बायका हसत होत्या. मला वाटलं अश्विनी आता टीव्ही बंद करेल, आणि आम्हाला जा म्हणेल.

“जरा मागं घेतीस का?” मामा म्हणाले. “तुजी आई दिसती, तितनं.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग रिमोट उचलला आणि मागे घेतलं.

मी उठले आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. ऊन माळावर पसरलं होतं. आत मंगलाष्टकं लागली, टाळ्या झाल्या, बँड वाजला. मग एकदम थांबलं. थोड्या वेळाने मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.